पाणसुरुंग काढायचं काम : इतिहास, किस्से आणि वाद (लांबडा धागा आहे, चहा घेऊन बसा)

पंचगंगाकाठ

मंडळी, मागं पाणबुड्यांच्या धाग्यावर कुणीतरी मधेच पाणसुरुंगांचा विषय काढला आणि तो तसाच लोंबकळत राहिला म्हणून हा वेगळा धागा. कोल्हापुरात बसून समुद्राच्या गप्पा कशाला असं म्हणणाऱ्यांनी घाट उतरून बघावं, पलीकडं समुद्रच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग ज्याला भांडायचंय त्यानं भांडावं. सुरुंग पेरायला एक रात्र पुरते आणि काढायला महिने जातात, हे सगळ्या मोठ्या आरमारांना पक्कं माहीत होतं. तरी काढायचं काम कायम सगळ्यात शेवटी आठवलं, सगळ्यात बारक्या बोटींवर ढकललं, आणि कितीतरी वेळा सरळ मासेमारांच्या गळ्यात मारलं.

सुरुवात क्रिमियाच्या युद्धापासून धरू. १८५५ ला रशियानं क्रोनश्टाटच्या बाजूला बाल्टिकमध्ये सुरुंग टाकून ठेवलेले, ब्रिटिशांची मर्लिन ही बोट त्यातल्या एकावर आदळली पण दारू कमी असल्यानं वाचली. मग ब्रिटिशांनी होड्या घालून गळांनी ते सुरुंग उचलायला सुरुवात केली, आणि ॲडमिरल सेमूरसाहेबांनी एक सुरुंग हातात घेऊन निरखून बघितला, तो फुटला आणि डोळ्याला इजा झाली. त्यावेळी या कामाची अक्कल एवढीच होती.

नंतर अमेरिकेच्या यादवी युद्धात कैरो नावाची चिलखती बोट १२ डिसेंबर १८६२ ला याझू नदीत बुडाली, आणि गंमत म्हणजे ती नदीतले सुरुंग साफ करायच्याच मोहिमेवर होती. बारा-एक मिनिटात खलास, पण माणूस एकही मेला नाही.

खरा दणका १९०४ ला बसला, रशिया-जपान युद्धात. १३ एप्रिलला पोर्ट आर्थरबाहेर रशियाची पेट्रोपावलोव्स्क ही युद्धनौका सुरुंगावर गेली, ॲडमिरल माकारोव्ह गेले, बोटीवर पाहुणा म्हणून असलेला चित्रकार व्हेरेश्चागिनही गेला. महिनाभरात, १५ मे ला, जपानच्या दोन युद्धनौका एकाच दिवशी, हात्सुसे आणि याशिमा. तेव्हा कुठं सगळ्यांचे डोळे उघडले.

ब्रिटनमध्ये लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्डच्या डोक्यात आलं की मासेमारीचे ट्रॉलर या कामाला घ्यावेत. विंच आहे, वायर आहे, जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्या आहेत आणि खलाशांचा जन्मच पाण्याखाली काहीतरी ओढत नेण्यात गेलेला, वेगळं शिकवायचं काय? १९०८ ला ग्रिम्सबीच्या दोन ट्रॉलरवर चाचणी झाली, १९१० ला राखीव दलात ट्रॉलरवाल्यांचा वेगळा विभाग निघाला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या दोनशेच्या वर सुरुंगकाढ्या बोटी बुडाल्या, त्यात ट्रॉलर ढिगानं. बाकीचं पुढच्या प्रतिसादात, आधी तुम्ही बोला.

मिसळ_कट्टा

काय भावा, एका दमात पन्नास वर्षं! पण मेन मुद्दा राहिला की, सुरुंग काढत्यात कसा ते जरा इस्कटून सांगा. वायर ओढली तर सुरुंगाला लागून तो फुटणार न्हाय का?

पंचगंगाकाठ

@मिसळ_कट्टा, जुना सुरुंग म्हणजे पोकळ लोखंडी गोळा, आत स्फोटकं आणि हवा, म्हणून तो वर यायला बघतो. खाली तळाला जड नांगर आणि मधे तार, त्यामुळं पाण्याखाली काही फुटांवर लटकत राहतो. वर शिंगं असतात. शिंगाचं आवरण शिशाचं, म्हणजे मऊ, आणि आत काचेची नळी आम्ल भरलेली. बोट आपटली की शिसं वाकतं, काच फुटते, आम्ल खालच्या बॅटरीत उतरतं, करंट तयार होतो आणि काम तमाम. बॅटरी तोवर कोरडीच असते, त्यामुळं असला सुरुंग वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहिला तरी जिवंत.

आता वायर. दोन बोटी समांतर चालतात, मधे वायर खोल सोडलेली. ती गोळ्याला लागत नाही, गोळ्याच्या खालच्या तारेला लागते आणि घासत नेऊन ती तार कापते, नंतर नंतर तर वायरवर कटरच बसवायला लागले. तार तुटली की सुरुंग भसकन वर येतो आणि मग डेकवरनं रायफलीनं गोळ्या घालायच्या, एकतर फुटतो नाहीतर भोकं पडून बुडतो. १९१९ च्या सुमाराला एकाच बोटीनं करायची पद्धत आली, ज्या ट्रॉलरवर ती बसवली त्याचं नाव ओरोपेसा, म्हणून तिला अजून ओरोपेसा स्वीप म्हणतात.

बोटी एकामागं एक पण तिरक्या ओळीत चालवतात, म्हणजे मागची कायम पुढचीनं साफ केलेल्या पाण्यात. राहता राहिली सगळ्यात पुढची. तिला कुणी नाही. त्यातल्या त्यात काम भरतीला करायचं, म्हणजे सुरुंगावर पाणी जास्त आणि बोटीचा तळ वाचायची शक्यता जास्त.

शाहूपुरी_तालीम

मासेमारांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो, १९१५ ला तुर्कस्तानच्या डार्डनेल्स सामुद्रधुनीत हेच ट्रॉलरवाले पळून आले होते ना? तिथं सुरुंग निघाले असते तर गॅलिपोलीच्या जमिनीवरच्या लढाईचं पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

पंचगंगाकाठ

ही तक्रार तेव्हाही झाली, ब्रिटिश नौदलाचे कमोडोर कीज तर चांगलेच भडकले होते. पण परिस्थिती बघा की राव. सामुद्रधुनीतला प्रवाह समोरनं अंगावर येणारा, वायर ओढत त्याच्याविरुद्ध ट्रॉलर चालणार दोन-तीन नॉटनं, म्हणजे माणूस चालतो त्या वेगानं. सुरुंग वरच लावलेले आणि ट्रॉलरचा तळ त्याहून खोल. रात्री गेलं तर दोन्ही काठांवरनं सर्चलाईट आणि तोफा. त्या लोकांचं म्हणणं साधं होतं, सुरुंगांना आम्ही भीत नाही पण तोफगोळे खायला आम्हाला घेतलेलं नाही. सिव्हिलियन होते ते, युद्धाआधी उत्तर समुद्रात माशांमागं असणारी माणसं. १३ मार्च १९१५ च्या रात्री नौदलाचे स्वयंसेवक बसवून परत प्रयत्न केला तरी ट्रॉलरांची दैना झाली आणि मदतीला गेलेली ॲमेथिस्ट क्रूझरही मार खाऊन आली. मग पळपुटे कोण?

आणि ज्या सुरुंगांनी घात केला ते वेगळेच. नुसरत नावाची बारकी तुर्की बोट, ८ मार्चच्या पहाटे एरेनकोय उपसागरात २६ सुरुंग टाकून गेली. सामुद्रधुनीला आडवी रांग सगळे शोधत होते, हिनं काठाला समांतर टाकली, कारण दोस्तांच्या (ब्रिटिश-फ्रेंच) युद्धनौका गोळीबार करून तिथंच वळतात हे तुर्कांनी आधी बघून ठेवलेलं. विमानांना दिसली नाही, ट्रॉलरना सापडली नाही. १८ मार्चला फ्रेंच बूवे तिथं दोन-तीन मिनिटांत उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली, पाठोपाठ ब्रिटिशांच्या इररेझिस्टिबल आणि ओशन. सव्वीस गोळ्यांत तीन युद्धनौका.

शाहूपुरी_तालीम

पटलं अर्धं. काठावरच्या तोफा आधी बंद पाडायला पाहिजे होत्या आणि तोफा बंद पाडायला युद्धनौका आत जायला पाहिजेत आणि युद्धनौका आत जायला सुरुंग काढायला पाहिजेत. कोंबडी आधी का अंडं आधी.

पंचगंगाकाठ

एक्झॅक्टली, आणि या चक्रात सगळ्यात पुढं उभा कोण, तर ट्रॉलर.

रत्नांग्री_टू_कोल्हापूर

आपल्याकडचं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पहिल्या महायुद्धात मुंबईबाहेर जर्मनांनी सुरुंग पेरले होते हे किती जणांना माहितेय? वोल्फ नावाचं जहाज, दिसायला साधं मालवाहू, कप्तान कार्ल नेर्गर, आत चारशेच्या वर सुरुंग आणि एक बारकं विमानसुद्धा. १९१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यानं आफ्रिकेच्या टोकाला, कोलंबोबाहेर आणि मुंबईबाहेर सुरुंग सोडले आणि निघून गेला. महिने गेले. जूनमध्ये, ऐन पावसाळा, मुंबईबाहेर एकामागं एक बोटी लागायला लागल्या, सिटी ऑफ एक्झीटरला भोक पडलं, आणि २३ जूनला पी अँड ओ कंपनीची मोंगोलिया ही प्रवासी बोट बुडाली, निदान २३ माणसं गेली. पेरणारा तोवर कुठल्या कुठं! ४५१ दिवस बंदर न बघता फिरून १९१८ च्या फेब्रुवारीत तो जर्मनीला सुखरूप पोचला.

पावसाळ्यात आमच्याकडं होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, त्या समुद्रात वायर सोडून सुरुंग शोधायचे म्हणजे काय हाल असतील ते किनाऱ्यावरच्या माणसालाच कळेल.

मिसळ_कट्टा

ताई, ते रामदास बोट बुडाली ती पण सुरुंगानंच ना? आमच्याकडं एक आजोबा तसं सांगायचे.

रत्नांग्री_टू_कोल्हापूर

नाही हो. रामदास १७ जुलै १९४७ ची, मुंबईहून रेवसला जाताना, आषाढी अवसेच्या वेळेला. वादळी हवा आणि लाटांनी कलंडली, सहाशेच्या वर माणसं गेली. सुरुंगाचा काही संबंध नाही.

उद्यमनगर_लेथ

दुसऱ्या महायुद्धातल्या मॅग्नेटिक सुरुंगावर कोण लिहिणार? आमच्या लाईनचा विषय आहे म्हणून विचारतोय.

पंचगंगाकाठ

लिहितोच. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याला साफ केलेल्या पाण्यातसुद्धा बोटी उडायला लागल्या. वायर फिरवून काही सापडेना, कारण या सुरुंगाला तारच नव्हती, तो तळावर झोपलेला. बोटीच्या लोखंडानं जवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की पेटणार. पण हे नुसते अंदाज, हातात एक तरी अख्खा सुरुंग पाहिजे होता.

२२ नोव्हेंबरच्या रात्री जर्मन विमानानं इंग्लंडच्या किनाऱ्यावर शूबरीनेसला पॅराशूटनं सोडलेला एक सुरुंग चुकून चिखलात पडला आणि ओहोटीला उघडा पडला. ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी आणि रॉजर लुईस रात्रीच कंदील घेऊन चिखलातनं बघून आले. त्यावरच्या एका झाकणाच्या नटाला बसेल असा पाना कुणाकडंच नव्हता. मग कागदावर त्या नटाचा ठसा घेतला आणि त्या मापाचा पाना पितळेत करून घेतला, लोखंडाचा चालणारच नव्हता. २३ तारखेच्या दुपारच्या ओहोटीला ऊव्हरी आणि चीफ पेटी ऑफिसर बाल्डविन दोघंच सुरुंगाजवळ गेले. लुईस आणि व्हर्नकोंब लांब थांबले, पुढं काय काय करणार ते त्यांना आधीच सांगून ठेवलेलं, म्हणजे हे दोघं उडाले तर कुठल्या पायरीला उडाले ते पुढच्याला कळावं. नाही उडाले. आतलं यंत्र निघालं आणि कळलं की सुरुंगाला उभ्या दिशेतला चुंबकीय बदल लागतो, तोही ठराविक ध्रुवाचा.

उद्यमनगर_लेथ

आता माझं ऐका. सरफेस ग्राईंडरवर मॅग्नेटिक चकवर जॉब धरला की काढल्यावर त्यात मॅग्नेट राहतो, बारीक चूर चिकटून बसतो, पुसला तरी जात न्हाय. मग डीमॅग्नेटायझरवरनं फिरवून काढतो, तेव्हा जॉब मोकळा होतो. बोटीचं पण सेमच. यार्डात महिनोन्महिने एकाच दिशेला तोंड करून ठोकाठोकी चालली की पृथ्वीचा मॅग्नेट त्या लोखंडात मुरतो. म्हणून बोटीला भोवतीनं केबलचे वेढे घालून उलटा करंट सोडला की सुरुंगाला ती बोट कळतच न्हाय. डीगॉसिंग म्हणतात त्याला. नाद खुळा डोकं!

पंचगंगाकाठ

बरोबर, आणि त्यामागं चार्ल्स गुडईव्ह हा कॅनडाचा माणूस होता. पण ते बोट वाचवायचं झालं. सुरुंग काढायला त्याच गटानं दुसरी पद्धत काढली, दोन लाकडी बोटी शेजारी शेजारी, मागं तरंगत्या जाड केबली, दोन्हीतनं एकाच वेळी करंटचा झटका, खारं पाणी सर्किट पूर्ण करतं आणि मोठ्या पट्ट्यातले सुरुंग बोट आली समजून आपसूक फुटतात. वेलिंग्टन विमानांना मोठ्ठं कडं बसवून समुद्रावरनं कमी उंचीवर उडवायचा प्रकारपण झाला.

जर्मन गप्प बसले नाहीत. १९४० ला आवाजावर फुटणारा आणला, १९४४ ला नॉर्मंडीत पाण्याच्या दाबावर फुटणारा, आणि या शेवटच्यावर धड उपाय आजही नाही, हळू जा एवढंच. शिवाय आत मोजणी, म्हणजे पहिल्या इतक्या बोटी सोडायच्या आणि मग फुटायचं. साफ केलं असं सांगायची सोयच राहिली नाही, पाचदा जा, सहाव्यांदा उडेल.

गडहिंग्लजकर

माझे मामा नेव्हीत होते, आपल्या त्या १९५६ साली ब्रिटनकडून घेतलेल्या लाकडी माईनस्वीपरवर, म्हणजे सुरुंगकाढ्या बोटीवर. कारवार, काकिनाडा, कन्नानोर, कडलोर अशी नावं. बोटीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि वरनं महोगनीच्या फळ्या, हे सगळं सुरुंगाला कळू नये म्हणून. मामा म्हणायचे बाहेरनं बोट देखणी पण समुद्रात गेली की अशी डुलायची की जेवणाचं ताट हातातच धरून जेवायचं.

त्यांच्याकडून ऐकलेली खरी भीती सुरुंगाची नव्हती, वायरची होती. मागच्या डेकवर विंच, तिथून वायर समुद्रात, तिच्यावर फ्लोट आणि वायर फाकवणारे बोर्ड. ताण एवढा की वायर गुणगुणायला लागते. आवाज बदलला की जुनी माणसं न बोलता बाजूला व्हायची, कारण तुटली तर टोक डेकवरनं झाडू मारल्यासारखं फिरतं आणि पाय घेऊन जातं. नवीन पोराला पहिली शिवी वायरच्या वेटोळ्यात पाय ठेवल्याबद्दल बसायची.

चंदगडी

१९७१ नंतरच्या बांगलादेशातल्या चितगावबद्दल कुणाला माहिती आहे का? सुरुंगांमुळं बंदर बंद पडलं होतं ना?

पंचगंगाकाठ

हो. युद्धात पाकिस्तानी नौदलानं बंदराच्या तोंडाला सुरुंग टाकलेले, शिवाय बुडालेल्या बोटी पडलेल्या, आणि नव्या बांगलादेशाचं धान्य यायचं ते याच बंदरातनं. सुरुवातीचं काम आपल्या नौदलानं केलं, मग १९७२ च्या एप्रिलपासून सोव्हिएत तुकडी आली, ॲडमिरल झुएन्को प्रमुख. १९७४ च्या जूनपर्यंत, दोन वर्षांच्या वर. युरी रेदकिन नावाचा त्यांचा एक खलाशी तिथं गेला, त्याची समाधी पतेंग्याला आहे.

शाहूपुरी_तालीम

म्हणजे लढाई तेरा दिवस आणि साफसफाई दोन वर्षं. बरं, अमेरिकेनं तर यात पैसा ओतला असणार की?

पंचगंगाकाठ

ओतला, पण वेळ निघून गेल्यावर. आधी एक चांगलं उदाहरण देतो, कारण नुसतीच निंदा नको. १९१८ ला स्कॉटलंड ते नॉर्वे त्यांनी आणि ब्रिटिशांनी मिळून सत्तर हजाराच्या आसपास सुरुंग टाकले, जास्त अमेरिकेचेच. त्या अमेरिकन सुरुंगांना वर तांब्याची तार असायची, लोखंडी बोट नुसती तारेला टेकली तरी फुटणार, म्हणजे काढणारी बोटच पहिली जाणार. म्हणून १९१८ च्या डिसेंबरमध्ये रेड रोझ आणि रेड फर्न या दोन लाकडी शिडाच्या होड्या घालून चाचणी केली, शिडाच्या! मग डडली निकोल्स नावाच्या पोरगेल्या अधिकाऱ्यानं विजेची युक्ती काढली, बोटीत करंट सोडून तो तांब्याच्या तारेचा परिणाम मारायचा, आणि ती चालली. हा निकोल्स पुढं हॉलिवूडचा मोठा पटकथालेखक झाला. ॲडमिरल स्ट्रॉसच्या हाताखाली १९१९ च्या सप्टेंबरअखेर काम संपलं.

आणि नंतर विसरले. १९५० ला उत्तर कोरियात वॉन्सान बंदराला सैन्य उतरवायचं ठरलं, समोर तीन हजाराच्या आसपास सुरुंग, सोव्हिएत मालाचे, साध्या होड्यांतनं सोडलेले. १२ ऑक्टोबरला पायरेट आणि प्लेज या दोन माईनस्वीपर पाठोपाठ बुडाल्या. माणसं कमी पडली म्हणून गुपचूप जपानी माईनस्वीपर बोलवल्या, त्यातली एक १७ ला उडाली. जपानी तरबेज का, तर १९४५ ला अमेरिकेनंच विमानांतनं बारा हजारावर सुरुंग टाकून जपानची बंदरं कोंडली होती आणि ते काढता काढता यांचा हात बसला. तिकडं मरीन सैनिक बोटींत बसून किनाऱ्यासमोर नुसते वरखाली, शेवटी २६ तारखेला उतरले, तोवर दक्षिण कोरियाचं सैन्य जमिनीवरनं येऊन गाव घेऊन बसलेलं, आणि बॉब होपचा करमणुकीचा कार्यक्रमही उरकलेला. ॲडमिरल स्मिथ त्यावर वैतागून बोललेच, की ज्या देशाकडं आरमारच नाही त्याच्यापुढं आम्ही समुद्र गमावला.

मिसळ_कट्टा

मर्दा, फुकट वारी की ही 😂

पंचगंगाकाठ

त्याहून भारी १९८७. इराण-इराक युद्धात कुवेतच्या टँकरना अमेरिकेनं आपला झेंडा लावून संरक्षण दिलं. २४ जुलैला ब्रिजटन टँकर सुरुंगावर गेला, बुडाला नाही एवढा दांडगा. मग संरक्षणाला आलेल्या युद्धनौका काय करतात? टँकरच्या मागं जाऊन एका रांगेत लागल्या, कारण त्यांचं कवच पातळ. संरक्षण करणारे मागं आणि ज्याचं करायचं तो पुढं. पुढच्या वर्षी अमेरिकेचीच युद्धनौका सॅम्युएल बी रॉबर्ट्स मोडली, तो सुरुंग १९०८ सालच्या डिझाईनचा होता. १९९१ ला आखाती युद्धात तर अमेरिकेची ट्रिपोली, जी सुरुंग काढायच्या मोहिमेचीच मुख्य बोट, तीच सुरुंगावर गेली.

गडहिंग्लजकर

आपलं पण बोला की. सोव्हिएत बनावटीच्या आपल्या बारा माईनस्वीपर होत्या, रत्नागिरी, कोकण, परत कारवार वगैरे. एकेक करत निवृत्त झाल्या, शेवटची कोझिकोड २०१९ ला. त्यानंतर नौदलाकडं या कामाची स्वतंत्र बोट एकसुद्धा नाही. गोव्याच्या शिपयार्डात कोरियन कंपनीबरोबर बांधायचं ठरलेलं, ते २०१८ ला मोडलं. २०२५ च्या जुलैमध्ये संरक्षण खात्यानं नव्या बोटींना तत्त्वतः मंजुरी दिली, पण मंजुरी आणि पाण्यात बोट यात किती वर्षं जातात ते सगळ्यांना माहितेय.

शाहूपुरी_तालीम

आता ड्रोन आहेत की, बोटीवर माणूस कशाला.

गडहिंग्लजकर

ड्रोन पण कुठल्यातरी बोटीवरनंच सोडायचा ना भाऊ, आणि सोनारवर दिसलेला प्रत्येक ठिपका सुरुंग आहे का जुना पिंप आहे हे ठरवायला माणूस लागतोच. बंदराच्या तळाशी काय काय कचरा असतो बघितलाय का?

चंदगडी

डॉल्फिन वापरतात म्हणे, खरं का?

पंचगंगाकाठ

खरं. २००३ ला इराकच्या उम्म कसर बंदरात अमेरिकेनं शिकवलेले डॉल्फिन वापरले. ते सुरुंग फोडत नाहीत, शोधून खूण करतात, पुढचं पाणबुडे बघतात. गढूळ पाण्यात त्यांच्या आवाजाच्या अंदाजाला यंत्राची सर नाही. मार्चच्या शेवटी त्याच वाटेनं मदतीचं जहाज धक्क्याला लागलं.

मिसळ_कट्टा

त्या माशास्नी पगार काय देत्यात?

रत्नांग्री_टू_कोल्हापूर

डॉल्फिन मासा नाही हो, सस्तन प्राणी आहे. पगार मात्र मासेच.